आठवी ब ची सरळ रांग

टालसेले, २६ ऑगस्ट १९८३

प्रिय गुनवोर आत्या,

फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं, ही तुझी अट पाळतेय. 'फोनवर माणूस रडतो, पत्रात विचार करतो,' असं मी निघताना तू म्हणालीस. मी सध्या दोन्ही एकदम करते आहे.

आपल्याकडे दक्षिणेत शाळेचं मैदान संपलं की बीटाचं शेत लागतं. इथं मैदान संपलं की जंगल लागतं आणि ते थेट नॉर्वेपर्यंत संपत नाही म्हणे. शाळा छोटी आहे, व्यायामशाळा चांगली आहे, उड्या मारायचा लाकडी घोडा माझ्याहून वयाने मोठा आहे. हेडमास्तर एवर्ट हेडलुंड सज्जन आहेत, पण त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे जुन्या दारातून खिळा काढायचा. नाताळापर्यंतची नेमणूक आहे. मध्ये कधीतरी ते माझा एक तास बघतील, आणि मग मला कायम ठेवायचं की नाही ते ठरवतील. मालमोच्या शाळेने एकाच सत्रात माझ्या हातात नारळ दिला हे त्यांना माहीत आहे. वर्ग भिंतीवरच्या दांड्यांवर चढून बसला आणि शाळा सुटेपर्यंत उतरला नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. इथूनही नारळ मिळाला, तर मात्र मी शिट्टी गळ्यातून काढून चपलांच्या दुकानात नोकरी धरणार आहे. खरंच सांगते.

मला मिळालेला वर्ग आठवी ब. त्यांची पुढारीण इंगालिल नॉरबेरी. चौदा वर्षांची, चेहरा अंत्यविधीला आलेल्या पाद्र्यासारखा. काहीही करते आणि तो चेहरा हलत नाही. पहिल्याच दिवशी अर्धा वर्ग बूट विसरून आला. उरलेल्या अर्ध्याला मैदानाला फेरी मारायला सांगितली. आत्या, धावणं आणि उभं राहणं यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट असते हे मला आजवर माहीत नव्हतं. पोस्टमन सायकल हातात धरून, पायी, त्यांच्या पुढे निघून गेला.

मी विचारलं, "मी काय म्हटलं ते समजलं का?" सगळ्यांनी ओठांचा चंबू करून एकदम हवा आत ओढली. *स्स्प!* गरम चहाचा घोट घेताना करतात तसं. मला वाटलं, माझी टर उडवतायत. आणखी फेऱ्या दिल्या. परत आल्यावर विचारलं, "आता कळलं?" पुन्हा *स्स्प!* पुन्हा फेऱ्या. तास संपेपर्यंत हेच.

जेवणघरातल्या मार्टाकाकू खिडकीतून बघत होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं पोरी, इथं 'हो' असंच म्हणतात. तोंड पूर्ण उघडलं तर थंडी आत जाते."

म्हणजे वर्ग मला अख्खा तास 'हो' म्हणत होता आणि मी त्याला शिक्षा करत होते. आता काय करू ते सांग.

तुझी,
इल्वा

*

सिमरिसहाम्न, ३० ऑगस्ट

इल्वा,

मान खाली घालून वाचत असशील तर आधी मान वर कर. मग पुढे वाच.

तू चुकलीस ती त्यांची भाषा कळली नाही म्हणून नव्हे. तू चुकलीस कारण तू सगळ्या वर्गाला शिक्षा केलीस. हे मी शिक्षकांच्या सभेत टेबलावर मूठ आपटून सांगत आले आणि सेवानिवृत्त झाले तरी सांगत राहीन: सगळ्या वर्गाला शिक्षा करणं म्हणजे एक चोर पकडायला गाव पेटवणं. चोर त्याच उजेडात वाट बघून पळून जातो, आणि ज्यांची घरं जळली ते उद्यापासून त्याचे भाऊ होतात. राजांनी हे केलं, सेनापतींनी केलं, सगळे बुडाले. तुला मैदानाच्या कोपऱ्यात तोच प्रयोग करायची हौस का?

आता कामाचं. विसरलेल्या बुटांवर ओरडू नकोस. एक खोका ठेव. जगातले सगळ्यात कुरूप जुने बूट गोळा कर आणि जो विसरेल त्याला त्यातला जोड दे. हसत दे. दुसरं, संघ पाडताना दोन कप्तान करून 'मी हा घेतो, मी ती घेते' असं कधीही करू देऊ नकोस. तो गुरांचा बाजार आहे. शेवटी उरलेलं पोर ती सकाळ म्हातारपणापर्यंत विसरत नाही. तिसरं, सोबत माझी पितळी शिट्टी पाठवते आहे. ती एका तासात एकदाच वाजवायची. जी शिट्टी सारखी वाजते तिला पोरं पक्ष्याचा आवाज समजतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जंगलात वाढलेल्या पोरांना तू लाकडी घोड्यावरून उड्या मारायला लावतेस? त्यांना बाहेर काढ! हातात नकाशा आणि होकायंत्र दे, झाडांवर खुणा लाव, शोधत धावू दे. शिस्त छपराखाली उगवत नाही, तिला वारा लागतो. आणि हेडमास्तरांना तोच तास बघायला बोलाव.

नोकरीची काळजी करू नकोस असं मी म्हणणार नाही. कर. काळजीने माणूस वेळेवर उठतो.

गुनवोर आत्या

*

टालसेले, ५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

जिंकलो! आधी बुटांचं सांगते, कारण तो भाग हरण्याचा आहे. खोका ठेवला. मार्टाकाकूंनी पिवळ्या फुलांच्या न्हाणीघरातल्या सपाता दिल्या, कुणी आजोबांचे रबरी बूट दिले. पुढच्याच तासाला अख्खा वर्ग बूट विसरून आला आणि पिवळ्या सपातांवरून मारामारी झाली. त्या इंगालिलने जिंकल्या. अजून परत केलेल्या नाहीत.

मग मी जाहीर केलं, सोमवारी जंगलात नकाशा घेऊन खुणा शोधायच्या. सगळ्यांनी एकदम इंगालिलकडे पाहिलं.

इंगालिलने हात वर केला. "बाई, याच सोमवारी?"

"याच."

"जंगलात?"

"मग काय चर्चमध्ये?"

तिने वर्गाकडे पाहिलं. वर्गाने हवा आत ओढली. *स्स्प!* यावेळी मला त्याचा अर्थ माहीत होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हेडमास्तरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सोमवारी आठवी ब ला घेऊन जंगलात जातेय. बघायला याल?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "सगळ्या वर्गाला?" "सगळ्या." ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "मी तिथंच असेन," म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषण झालं.

मग इंगालिल स्वतःहून आली, नम्रपणे! म्हणाली, "बाई, तुम्ही नव्या आहात. खुणा लावायचं काम माझ्या बाबांवर सोडा, त्यांना तळ्याकडची वाट पाठ आहे. आणि इथं आम्ही विखरून धावत नाही. रांगेत चालतो, एकमेकांना दिसेल एवढं अंतर ठेवून. आणि आवाज करत. म्हणजे कुणी हरवत नाही." मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

आज सकाळी शिक्षकांची खोली रिकामी. वर्गही रिकामे. मार्टाकाकूंना विचारलं तर म्हणाल्या, "दर वर्षी याच सोमवारी सगळे आजारी पडतात." काय साथ असते गं या भागात! पण आठवी ब? आठवी ब मैदानावर माझ्याआधी हजर. सगळ्यांच्या पायात बूट. टोप्यांना लाल फीत. इंगालिलने माझ्याही टोपीला बांधली, "शाळेची पद्धत आहे, बाई."

तुझी शिट्टी मी एकदाच वाजवली. आणि आत्या, ते चालले! टेकडीपासून तळ्यापर्यंत, ओढ्यातून, काट्यांतून, दलदलीतून, एकही पोर रांगेच्या पुढे नाही, एकही मागे नाही. पातेल्याची झाकणं वाजवत, "हो हो हो" करत. मीही ओरडले. मध्येच दूरवर दोन धमाके झाले, मी दचकले. इंगालिल म्हणाली, "रस्त्याचं काम चालू आहे, बाई. सुरुंग." आणि ते ऐकून पोरांनी अशी आरोळी ठोकली की इथल्या लोकांचं रस्त्यांवर इतकं प्रेम आहे हे मला नवीनच कळलं.

दुपारी हेडमास्तर भेटले. टोपी वाकडी, गाल लाल. "इल्वाबाई," म्हणाले, "कित्येक वर्षांत माझ्या वाट्याला असा सोमवार आला नव्हता."

मी म्हटलं, "पण तुम्ही मला कुठं दिसला नाहीत."

"दिसलो असतो तर चुकीच्या जागी बसलो असतो," ते म्हणाले, आणि शीळ घालत गेले.

किती सूक्ष्म निरीक्षण करणारा माणूस! आता महिनाअखेर ते नेमणुकीच्या कागदावर सही करणार आहेत. तुझा विजय असो.

तुझी,
इल्वा

*

सिमरिसहाम्न, ८ सप्टेंबर

इल्वा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा अभिमानाने, दुसऱ्यांदा चष्मा लावून.

अख्खी हयात मैदानावर गेली माझी, म्हणून एक सांगते. बंडखोर वर्ग हळूहळू सुधारतो. आधी एक सुधारतो, मग दोन, मग एक पुन्हा बिघडतो. वर्ग एका दिवसात, एकदम, नखशिखांत आज्ञाधारक झाला की समजावं, तो दुसऱ्या कुणाची तरी आज्ञा पाळतो आहे. तुझ्या शिट्टीने ती रांग लागली नाही, पोरी. ती रांग तुझ्या आधीच लागलेली होती. तू फक्त तिच्यात उभी राहिलीस.

कुणाची रांग, ते मला इथून समुद्रकिनाऱ्यावरून सांगता येत नाही. पण एवढ्या प्रश्नांची उत्तरं शोध: ज्या खुणा शोधायला गेलात, त्यातली एक तरी सापडली का? तू त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिलेली नाहीस. आणि लाल फीत कशासाठी? आंधळ्या माणसाला शोभा म्हणून कुणी फीत बांधत नाही, दिसावा म्हणून बांधतं. कुणाला दिसावा?

सुरुंगाचं ऐकून पोरं ओरडली म्हणतेस. सुरुंगाला कुणी टाळी वाजवलेली मी कधी ऐकली नाही.

आत्या

*

टालसेले, ९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण थांबवत नाही. त्यांनी मला धमकी दिली आहे.

काल शाळेतून आले तर दाराच्या पायरीवर पुडकं. पांढरा कागद, दोऱ्याने बांधलेलं. आत मांस. मोठा, लालभडक तुकडा, रक्त कागदातून पायरीवर उतरलेलं. सोबत चिठ्ठी नाही, नाव नाही. कशाचं मांस तेही कळेना. मला मालमो आठवलं, तिथं माझ्या खुर्चीवर मेलेला मासा ठेवला होता. मी फावडं घेतलं, अंगणातल्या बर्चखाली खड्डा खणला आणि पुरून टाकलं. कुंपणापलीकडून दोन पोरं बघत होती. बघू देत, म्हटलं.

आज आठवी ब ला व्यायामशाळेत जमिनीवर बसवलं आणि मी बोलले. तुला अभिमान वाटला असता. म्हटलं, "जो समोर येऊन बोलू शकत नाही तो पायरीवर रक्त ठेवून जातो. मी घाबरणार नाही! तुमची भेट मी मातीत गाडली आहे, आणि तुमचा भेकडपणाही तिथंच गाडला आहे!"

कुणी हसलं नाही. कुणी हवाही ओढली नाही. पहिल्यांदाच मी इंगालिलचा चेहरा हलताना पाहिला. ती उठली आणि परवानगी न घेता बाहेर गेली. म्हणजे तीच. सापडली!

पण एक विचित्र आहे. संध्याकाळी दुकानात गेले तर दुकानदाराने माझ्याकडे न बघता पाव दिला.

इल्वा

*

सिमरिसहाम्न, १२ सप्टेंबर

अगं ए वेडे,

धमकी कुणी पांढऱ्या स्वच्छ कागदात बांधतं का? धमकी वर्तमानपत्रात बांधतात! मोठा, लालभडक, सलग तुकडा म्हणतेस. चरबी होती का? हाडं होती का? नव्हती ना? ज्याला तुझा राग आहे तो तुला खूर पाठवेल, शेपूट पाठवेल. पाठीवरचा मऊ तुकडा शत्रूला पाठवणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही.

पातेल्याची झाकणं, लाल फिती, रांगेत आरडाओरडा, दोन बार, आणि मग मांस. मी खाऱ्या वाऱ्याची, ईल मासा खाणारी बाई, मला जंगलातलं काही कळत नाही. तरी मी आज पाववालीच्या नवऱ्याला विचारलं, तो वर्मलांडच्या जंगलातला आहे. तो इतका हसला की त्याला बसावं लागलं.

मार्टाकाकूंकडे जा. आत्ता. पत्र खाली ठेव आणि जा.

आत्या

*

टालसेले, १६ सप्टेंबर

प्रिय आत्या,

मार्टाकाकूंकडे जावं लागलं नाही. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी इंगालिल आली. व्यायामशाळेत मी एकटीच गाद्या रचत होते. ती दारात उभी. डोळे सुजलेले.

"बाई, खरंच पुरलंत?"

"खरंच."

"बाबांनी स्वतः कापलं होतं. सगळ्यात चांगला भाग. ते आधी ज्याचा बार लागला त्याला द्यायचं असतं, म्हणजे यंदा हेडमास्तरांना. हेडमास्तर म्हणाले, बाईंना द्या."

मग सगळं बाहेर आलं. सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे इथं मूसच्या शिकारीचा पहिला दिवस. घोड्याहून उंच हरीण ते. त्या दिवशी गावात कुणीही 'आजारी' नसतं, सगळे बंदुका घेऊन आपापल्या जागी बसलेले असतात. पण जनावर तिथपर्यंत आणायला हाका घालावा लागतो: रांग धरून, आरडाओरडा करत. यंदा हाकारेच नव्हते. गावातली तरणी माणसं कामाला स्टॉकहोमला गेलेली. इंगालिलचे बाबा तुकडीचे म्होरके. ते शिकार सोडून द्यायच्या विचारात होते. आणि तेवढ्यात त्यांच्या मुलीच्या वर्गासमोर एक दक्षिणेतली बाई उभी राहिली आणि म्हणाली, सोमवारी सगळ्यांना जंगलात नेते.

"मी बाबांना सांगितलं, आमच्या बाईंनी आपणहून वर्ग देऊ केला. आणि तुम्हाला सांगितलं, ती शाळेची पद्धत आहे. खुणा कुठं लावल्याच नव्हत्या, बाई."

मी ओरडले, आत्या. तुझी सगळी शिकवण विसरून ओरडले. "अगं, समोर बंदुका होत्या! तुमच्यातल्या एखाद्याला लागली असती तर?"

ती शांतपणे म्हणाली, "आम्ही चालायला लागल्यापासून हाक्याला जातो. कुठं थांबायचं ते सगळ्यांना माहीत होतं. नव्या तुम्ही एकट्याच होतात. म्हणून मी तुमच्या शेजारी चालले."

हे खरं आहे. ती पूर्ण वेळ माझ्या शेजारी होती. मला वाटलं होतं, तिला माझं नेतृत्व आवडलं.

हाकाऱ्याचा वाटा हा इथं मान असतो. मी तो मातीत गाडला आणि वर त्याच्यावर भाषण केलं. सगळ्या गावाला कळलंय. शाळेच्या वाटेवर लोक माझ्याकडे बघून टोपीला हात लावायचे, ते आता आकाशाकडे बघतात.

इंगालिलने उपायही आणला होता. "बाई, सांगा की पायरीवरून कुत्र्याने नेलं. पुरलं ते दुसरंच काहीतरी होतं. मेलेली मांजर. आठवी ब अख्खी साक्ष देईल." आणि देईल ती, आत्या! सरळ रांगेत उभं राहून देईल.

आता तूच सांग. हेडमास्तरांना अजून वाटतंय की मी सगळं जाणून केलं. मी 'मांजर पुरली' म्हटलं तर मला नोकरी आहे, आणि पोरीवर बालंट नाही. मी खरं बोलले तर मी कोण ठरते? बंदुकांसमोर मुलांना घेऊन गेलेली आणि आपण काय करतोय हे न कळलेली शिक्षिका. अशा बाईला मीसुद्धा कायम करणार नाही. महिनाअखेर सही आहे. मला इथं राहायचंय, आत्या. पहिल्यांदाच कुठंतरी राहावंसं वाटतंय.

इल्वा

*

सिमरिसहाम्न, २० सप्टेंबर

माझ्या पोरी,

अख्खा वर्ग तुझ्यासाठी खोटं बोलायला तयार आहे याचा तुला आनंद झाला, हे मला तुझ्या अक्षरात दिसलं. होणारच. कुठल्या शिक्षकाला होणार नाही? पण त्या आनंदाची मान आत्ताच धर. कारण ज्या दिवशी ते मांजरीची साक्ष देतील, त्या दिवसापासून शिट्टी तुझ्या गळ्यात असेल आणि तिची दोरी त्यांच्या हातात.

मैदान ही जगातली एकच जागा आहे जिथं लबाडी लगेच दिसते. रेषेच्या पुढून उडी मारली की सगळ्यांना दिसतं. गणितात पोरगं शेजाऱ्याचं बघून लिहितं, इतिहासात राजे खोटं बोलून शतकानुशतकं टिकतात, पण वाळूत पाऊल उमटतं ते उमटतंच. म्हणून मी हा विषय शिकवला. स्नायूंसाठी नव्हे! आणि तू त्या रेषेपुढून उडी मारून पदक घेणार? आठवी ब च्या देखत?

मुलीला वाचवू नकोस. तिला शिक्षाही करू नकोस, अजून. तिला सोबत घेऊन जा. तिचं तिने सांगायचं, तुझं तू सांगायचंस. तिच्यावर ढकलायचं नाही, तिचं अंगावर घ्यायचं नाही. जिथं गाव बसतं तिथं जा, उभी राहा आणि बोल. भाषण मात्र करू नकोस. तुझं एक भाषण झालंय.

नोकरी जाईल? जाईल कदाचित. चपलांचं दुकान मला चालेल. वाकलेली भाची चालणार नाही.

आत्या

*

टालसेले, २ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

गेले होते. रविवारी शिकारीची तुकडी नॉरबेरींच्या गोठ्यामागच्या कोठीत कॉफी प्यायला बसते, तिथं. मी आणि इंगालिल. तिने पिवळ्या सपाता घातल्या होत्या. का, ते मी विचारलं नाही.

आधी ती बोलली. एका दमात, बाबांकडे बघत. मग मी. "मला माहीत नव्हतं," एवढंच म्हटलं. "शिकारीचं काही माहीत नव्हतं. मांस धमकी वाटली. म्हणून पुरलं. मला माफ करा."

हेडमास्तरांनी कप खाली ठेवला.

"काहीच माहीत नव्हतं?"

"काहीच नाही."

"आणि बार?"

"मला वाटलं, रस्त्याचं काम."

कोपऱ्यात ओंडक्यावर एक म्हातारबुवा बसले होते. ते आधी थरथरले, मग लाल झाले, मग ओंडक्यासकट कलंडले. "रस्ता!" एवढंच आधी त्यांच्या तोंडून निघालं. "चाळीस वर्षं आम्ही तो मागतोय, आणि हिला ऐकूसुद्धा आला!" मग कोठी जी हसायला लागली, ती थांबेना. मार्टाकाकूंनी अ‍ॅप्रनला डोळे पुसले.

इंगालिलचे बाबा हसले नाहीत. मुलीला म्हणाले, "हाक्यात खोटं बोललीस. ज्याच्या शब्दावर बंदुका थांबतात त्याने खोटं बोलायचं नसतं. यंदा तुझी शिकार संपली. इथं बसून कपबश्या धुवायच्या." ती पांढरी पडली. तिला यापेक्षा मोठी शिक्षा मी जन्मात शोधू शकले नसते. पण ती म्हणाली, "हो, बाबा." तोंड उघडून म्हणाली.

मग ते माझ्याकडे वळले. "मांस कुठं पुरलंत?"

"बर्चखाली. पण परवा बघितलं तर कोल्ह्याने उकरून नेलंय."

ते विचारात पडले. "मग त्यानेही हाका घातला असेल," म्हणाले, आणि आत जाऊन दुसरा तुकडा घेऊन आले.

हेडमास्तर मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, शिक्षण मंडळाला कळवावं लागेल. मला लेखी ताकीद मिळेल. त्यांनाही मिळेल, कारण त्यांनी विचारायला हवं होतं आणि शब्द वाचवले. मग टोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटलं, आता नारळ.

"पुढच्या वर्षी," शेवटी म्हणाले, "पहिल्या सोमवारी, आईबापांची परवानगी घेऊन, कुठं थांबायचं ते आधी दाखवून. रांग तुम्ही लावाल? यावेळी माहीत असून?"

पुढचं वर्ष म्हणाले, आत्या. पुढचं! मी ओठांचा चंबू केला आणि हवा आत ओढली.

*स्स्प.*

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिथंच, लाकडांच्या ढिगावर कागद ठेवून, सही केली.

इंगालिलला मी माझी शिक्षा दिली आहे: शुक्रवारी नकाशाचा तास तिने आखला. खऱ्या खुणा, खरं जंगल, शिकार नाही. तुझी शिट्टी तिच्या गळ्यात होती, एकदाच वाजवायची या अटीवर. सगळे वेळेत परतले. मी हरवले. त्यांनी मला तळ्यापाशी शोधून काढलं, रांग धरून, झाकणं वाजवत.

नाताळला येशील? आपण तो तुकडा भाजू.

तुझी,
इल्वा

*

सिमरिसहाम्न, ६ ऑक्टोबर

इल्वा,

पहाटेपासून आरशासमोर सराव करते आहे. पहिल्या प्रयत्नात कॉफी श्वासनळीत गेली आणि शेजारीण धावत आली. आता जमतंय.

पिवळ्या सपाता त्या मुलीकडून परत घेऊ नकोस. तिने त्या घालून बापासमोर उभं राहणं, ही माझ्या आयुष्यात मी ऐकलेली सगळ्यात उत्तम कवायत आहे.

नाताळचं विचारलंस. कागदावर श्वास ओढता येत नाही. ओढला आहे असं समज.

आत्या